वाल्याच्या मुलांचं पुढे काय झालं?

२०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जन्मठेप भोगणाऱ्या एका कैद्याला दहा दिवसांची रजा मंजूर केली. कारण असं होतं की त्याच्या मुलाला ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, फीचे पैसे उभे करायचे होते आणि मुलाला निरोप द्यायचा होता. सरकारी पक्षाने विरोध केला. पॅरोल, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत अभिवचन रजा, अडीअडचणीसाठी असते, मुलाला परदेशी रवाना करण्यासाठी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. खंडपीठाने विचारलं ते थोडक्यात असं: दुःख ही जशी भावना आहे तसा आनंदही भावनाच आहे, मग दुःखात सामील व्हायला कैद्याला सोडता येतं तर आनंदात का नाही? बातमी दोन दिवस गाजली आणि विरली. पण त्या दोन दिवसांत जे कानांवर आलं ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कैद्याच्या मुलाला ऑस्ट्रेलिया, आणि ज्याचं घर त्याने उद्ध्वस्त केलं त्याच्या मुलांना काय, असा एका बाजूचा सवाल होता. कैदी हाही माणूसच आहे, असं दुसरी बाजू सांगत होती. दोन्हीकडून भांडण चाललं होतं ते बापावरून. ज्याच्या आयुष्यातला तो दिवस होता तो तरुण मुलगा दोघांच्याही बोलण्यात केवळ निमित्तापुरता होता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आई किंवा बाप तुरुंगात गेल्यामुळे वयात येणाऱ्या मुलामुलींचं जे नुकसान होतं, त्यातला फार मोठा भाग तुरुंगाच्या भिंतीच्या अलीकडे घडतो. आपण छापतो ते फॉर्म, आपण विचारतो ते प्रश्न, आपण अठराव्या वर्षी बंद करतो त्या योजना, यांतून तो घडतो. जे आपण घडवलं ते आपल्याला थांबवताही येतं. आणि ते थांबवायचं ते ही मुलं उद्या गुन्हेगार होतील या भीतीपोटी नव्हे. ती आपल्याइतकीच या राज्याची नागरिक आहेत आणि त्यांनी काहीही केलेलं नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

वाल्याची गोष्ट आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून पाठ असते. नारद वाटेत भेटतात आणि म्हणतात, ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, घरी जाऊन विचारून ये. वाल्या विचारतो. बायको नाही म्हणते, मुलं नाही म्हणतात. तिथून वाल्याचा वाल्मीकी व्हायला लागतो. गोष्ट त्याची आहे, म्हणून ती त्याच्याबरोबर रानात जाते आणि वारुळापाशी बसून राहते. मागे घरी राहिलेल्यांचं काय झालं हे कुणी कीर्तनकार सांगत नाही आणि लहानपणी आपणही विचारत नाही. बाप तपाला बसल्यावर त्या घरात चूल कशावर पेटली? थोरल्याला गावाने काय म्हणून हाक मारली? मुलीला कुणी मागणी घातली का? पाप आमचं नाही, असं त्या मुलांनी स्वच्छ सांगितलं होतं आणि गोष्टीने ते मानलंही होतं. आपण मात्र मानत नाही. आपण न विचारताच त्यांचा वाटा काढून त्यांच्या पदरात घालतो.

सरकारला यातलं काय दिसतं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यांचं वय, शिक्षण, धर्म, जात, कलम, शिक्षेची मुदत, सगळ्याचे तक्ते त्यात आहेत. मुलांची मोजदाद होते ती आईबरोबर आत राहणाऱ्यांची: १ हजार ५३७ स्त्रिया आणि त्यांची १ हजार ७६४ मुलं. जी मुलं बाहेर राहिली त्यांचा आकडा त्यात नाही. एकूण कैद्यांपैकी निम्म्यांनाच मूल आहे आणि तेही एकेकच, असं धरलं तरी ती संख्या पावणेतीन लाखांच्या पुढे जाते. हा अंदाज म्हणून सांगत नाही, प्रश्न केवढा आहे ते कळावं म्हणून केलेलं हे साधं गणित आहे. भिंतीच्या आतलं एकेक मूल मोजलं जातं आणि बाहेरची मुलं हिशेबातच नाहीत.

जे काही चांगलं झालं आहे तेही अगदी लहान मुलांपुरतं झालं आहे. १३ एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात महिला कैद्यांच्या मुलांसाठी तपशीलवार आदेश दिले. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहील, त्याला कैदी समजायचं नाही, जन्मदाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही, पाळणाघर हवं, बाहेर पाठवलेल्या मुलाला आठवड्यातून एकदा तरी आई भेटली पाहिजे. फार मोलाचा निकाल आहे तो. आपल्या राज्यातल्या काही कारागृहांत ‘गळाभेट’ होते. एरवी जाळीआडून बोलणाऱ्या बापाला त्या दिवशी लेकराला मांडीवर घेता येतं. तिथेही मुलांना वयाची अट असते. बालसंगोपन योजनेत महिन्याला २ हजार २५० रुपये मिळतात, कैद्यांच्या मुलांनाही मिळू शकतात, आणि अठरा पूर्ण झाली की थांबतात. हे सगळं शेजारी शेजारी मांडून पाहिलं की दिसतं, आपली माया मांडीवर मावणाऱ्या मुलापुरती आहे. ते मूल मोठं होऊ लागलं, त्याला मिसरूड फुटलं, की त्याच्याकडे बघण्याची आपली नजर बदलते.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्यावर सगळं येऊन पडतं. कर्ता माणूस आत असलेल्या घरात ज्याला अठरा पूर्ण होतात, तो त्याच दिवशी घरचा कर्ता होतो. आईला कोर्टाची भाषा उमगत नाही. काका पहिलं वर्षभर येतात, मग त्यांचं येणं कमी होतं. वकिलाकडे जायचं, तारखा लक्षात ठेवायच्या, जामीन मंजूर झाला तर जामीनदार शोधायचा, त्याच्या ऐपतीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायचे, आत कॅन्टीनमधून साबण-बिस्किटं घेता यावीत म्हणून दर महिन्याला मनीऑर्डर करायची. मुलाखतीच्या दिवशी आधार कार्ड हातात धरून सकाळपासून रांगेत उभं राहायचं आणि नंबर आला की पंधरा-वीस मिनिटांत बापाला सांगायचं, घरी सगळं ठीक आहे. त्या गोंगाटात शेजारचाही त्याच्या बापाला ओरडून तेच सांगत असतो. इतर मुलं या वयात बापावर रुसतात, त्याच्याशी वाद घालतात, घर सोडून जायच्या गोष्टी करतात. मोठं होण्याचा तो रस्ताच आहे. या मुलांना तो रस्ता बंद असतो. वीस मिनिटांच्या भेटीत बापाशी कोण भांडेल? मनात कितीही राग असला तरी तो तसाच घेऊन परतीची एसटी पकडावी लागते.

आई आत गेली तर घर आणखी वेगळ्या तऱ्हेने मोडतं. बाप आत असेल तर बहुतेक घरांत आई थांबून राहते. आई आत असेल तर बाप थांबेलच याची खात्री नसते. थोरली मुलगी चुलीपुढे जाते आणि तिची शाळा कधी सुटली हे कुणी लिहून ठेवत नाही.

मग कागद. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो. नॉन-क्रीमीलेअरसाठी आई-वडिलांच्या उत्पन्नाचे दाखले लागतात. जात पडताळणीला वडिलांच्या बाजूचे जुने कागद लागतात आणि ते कोणत्या पेटीत आहेत हे बहुतेक घरांत वडिलांनाच माहीत असतं. वडिलांची सही हवी असेल तर कागद कारागृहात जाणार, अधिकाऱ्यांच्या टेबलावरून फिरून परत येणार, तोवर प्रवेशाची फेरी संपलेली असते. कैद्याच्या मुलाला प्रवेश देऊ नये असं एकाही नियमात नाही. नाकारत कुणीच नाही, मुदत तेवढी टळून जाते. मुलीच्या बाबतीत वेगळीच घाई असते. केसचा निकाल लागायच्या आत तिचं उरकून टाकू या असं घरचे म्हणतात, कारण एकदा शिक्षा झाली की स्थळं येणार नाहीत. त्या घाईत तिचं तिसरं वर्ष राहून जातं.

या सगळ्याहून खोलवर जाते ती एक थाप. वडील काय करतात? बाहेरगावी असतात. दुबईला असतात. ही थाप लहानपणी आई शिकवते आणि मोठेपणी ती दर वळणावर नव्याने मारावी लागते: होस्टेलच्या खोलीत, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे ज्या माणसावर जीव जडला आहे त्याच्यापुढे. सांगितलं तर तो जाईल का? न सांगितलं आणि उद्या दुसऱ्याकडून कळलं तर? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात १ हजार ४२० मुलांना लहानपणापासून तिशीपर्यंत पुन्हा पुन्हा भेटून केलेला एक मोठा अभ्यास आहे. २०१९ मध्ये त्यातून पालकांच्या तुरुंगवासाबद्दलचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोळाव्या वर्षाच्या आत ज्यांच्या पालकाने तुरुंग पाहिला होता अशा मुलांमध्ये पुढे शिक्षण अपुरं राहणं, कमी वयात आईबाप होणं, स्वतः तुरुंगात जाणं, चिंतेचा विकार जडणं आणि माणसांतून तुटून एकटं पडणं हे अधिक दिसलं. आपलं लक्ष यातल्या ‘स्वतः तुरुंगात जाणं’ या शब्दांवर चटकन जातं. मला शेवटचे शब्द जास्त महत्त्वाचे वाटतात. जो जवळ येणाऱ्या प्रत्येकापासून एक गोष्ट लपवत मोठा झाला, तो एकटा पडला यात आश्चर्य कसलं?

मी महाविद्यालयात शिकवते आणि जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर बसते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी फॉर्म घेऊन आली. अक्षर नेटकं, सगळं भरलेलं, ‘वडिलांचा व्यवसाय’ हा एक रकाना सोडून. भर ना गं एवढं, मी म्हटलं. “मॅडम, आईचा लिहिला तर चालेल का?” तिने हळू आवाजात विचारलं. मागे रांग वाढत होती. वडील काय करतात, मी आणखी तीन जणांसमोर विचारलं. “आलेच,” म्हणून ती गेली आणि त्या दिवशी परत आली नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा रकान्यात ‘शेती’ लिहिलेलं होतं. खरं काय ते तिने मला दीड वर्षांनी स्वतःहून सांगितलं, तेही परीक्षेत पहिला वर्ग मिळवल्यानंतर, जणू आता तिला ते सांगण्याचा अधिकार मिळाला होता. मी त्या टेबलावर एकही नियम मोडला नव्हता. मला टोचतं ते हेच.

आता विरोधी बाजूचं सगळ्यांत जड म्हणणं घेऊ. मेलेल्या माणसाला रजा नसते. त्याच्याही मुलाचा निकाल लागतो, त्याच्याही मुलीचं लग्न ठरतं, आणि कोणतंही न्यायालय त्या बापाला दहा दिवसांसाठी परत पाठवू शकत नाही. कैद्याच्या मुलाबद्दल बोलणाऱ्यांना या मुलांचा विसर पडतो, हा आरोप पुष्कळदा खरा असतो. मला तो खोडायचा नाही. त्या घराचा हक्क आधी येतो. पीडितांच्या भरपाईची योजना राज्यात २०१४ पासून आहे. ती अशा प्रत्येक घरापर्यंत, कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता पोचवणं हे सरकारचं काम आहे, आणि माझ्यासारख्यांनी ते सरकारला आधी सुनावलं पाहिजे. पण या न्याय्य मागणीचा शेवट ‘म्हणून त्यानेही भोगावं’ असा का व्हावा? कैद्याच्या मुलाची शिष्यवृत्ती अडली म्हणून मृताच्या मुलाच्या ताटात एखादा घास जास्त पडतो का? दोघांचंही देणं आपल्याकडे, सरकारकडे आणि समाजाकडे आहे. आपण ते चुकवतो आणि मग दोन पोरांना एकमेकांसमोर उभं करून विचारतो, तुमच्यातला जास्त दुःखी कोण.

‘गुन्हा करताना पोरांचा विचार का नाही केला?’ असंही विचारलं जातं. रास्त प्रश्न आहे. बापाला विचारावा, न्यायालयाने शिक्षा सुनावताना जरूर विचारावा. पण प्रश्न एकाला विचारायचा आणि उत्तराची किंमत दुसऱ्याकडून वसूल करायची, याला न्याय म्हणता येईल का? शिवाय ‘गुन्हा करताना’ हे शब्द आपण फार सहज वापरतो. २०२२ अखेरच्या त्याच अहवालात ५ लाख ७३ हजारांपैकी ४ लाख ३४ हजार ३०२ जण न्यायाधीन बंदी आहेत, शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. यांना कोणत्याही न्यायालयाने अजून दोषी ठरवलेलं नाही. त्यांच्यातले काही जण निर्दोष सुटतील, आणि घरी येतील तेव्हा मुलगा पंचविशीचा झालेला असेल. बापाला निकालाचा कागद मिळेल. मुलाला एकोणिसावं वर्ष कोण परत देणार?

दुसरी गोष्ट मला माझ्याच बाजूच्या लोकांना सांगायची आहे. काही घरांत बाप आत गेला त्या रात्री पहिल्यांदा सगळ्यांना झोप लागते. ज्याने आईला मारून मारून अर्धमेलं केलं, ज्याने पोटच्या मुलीवर हात टाकला, त्याला कुटुंबापासून तोडू नका असं म्हणणं हा त्या मुलीवर दुसरा अत्याचार आहे. कुटुंबाची भेट घडवून आणणं नेहमीच चांगलं असतं हे गृहीतच चूक आहे. चांगलं काय ते त्या मुलीला ठरवू द्या. सज्ञान मुलीला बापाचं तोंड पाहायचं नसेल तर कुणीही तिला संस्कारांची आठवण करून देऊ नये. बाप रजेवर घरी येणार असेल तर रजा मंजूर होण्याआधी तिला वेगळं बसवून विचारलं पाहिजे, जामीन राहणाऱ्या चुलत्याला विचारून भागणार नाही. आणि ज्या मुलाला वडिलांना कडकडून मिठी मारायची आहे, तो सतरा वर्षांचा झाला म्हणून त्याला जाळीआड ठेवण्यात काय शहाणपण आहे? दोघांच्याही बाबतीत आपण एकच गोष्ट करत नाही: त्यांना विचारत नाही.

तिसरं म्हणणं जुनं आहे. खाण तशी माती. हल्ली ते जरा शास्त्रीय कपडे घालून येतं: गरिबी, दारू, मारहाण, वस्तीतलं वातावरण हे सारं बाप तुरुंगात जायच्या आधीपासून त्या घरात होतं, मुलाचं पुढे जे बिनसलं ते त्यामुळे, तुरुंगाला का दोष देता? यात तथ्य आहे आणि अभ्यासकांनी ते मनावर घेतलं. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलग्यांचा पाठपुरावा केंब्रिजच्या अभ्यासकांनी कित्येक दशकं केला. जोसेफ मरे आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी त्यातून दाखवून दिलं की वयाच्या दहा वर्षांच्या आत आई किंवा बाप तुरुंगात गेल्यामुळे ज्यांची ताटातूट झाली ती मुलं, इतर कारणांनी ताटातूट झालेल्या मुलांपेक्षाही पुढे अधिक अडचणीत आली. मग हाच प्रश्न स्टॉकहोममध्ये १९५३ साली जन्मलेल्या पंधरा हजारांवर मुलांच्या नोंदींना विचारला गेला. पालकांच्या गुन्हेगारीचा मुलांच्या पुढे बिनसण्याशी संबंध तिथेही होता. पण तो हिशेबात धरल्यावर तुरुंगवासाचा म्हणून वेगळा परिणाम उरला नाही. लंडनमध्ये तो उरला होता. हे का, याची ठाम सिद्धता अभ्यासकांनी सांगितली नाही, शक्यता सांगितल्या: स्वीडनमधल्या शिक्षा लहान होत्या, तुरुंगातून घरच्यांशी संबंध ठेवणं सोपं होतं, मागे राहिलेल्या कुटुंबाला सरकारचा आधार होता आणि शिक्षा झालेल्यांकडे बघण्याची लोकांची नजर कमी कठोर होती. माती खाणीसारखीच होत असती तर तुरुंगाने टाकलेली भर एका शहरात दिसून दुसऱ्या शहरात नाहीशी कशी झाली असती? रक्त दोन्हीकडे सारखंच होतं. वागवणं वेगळं होतं.

अनुभव म्हणून आपल्याला स्टॉकहोमला जायचीही गरज नाही. बापाच्या अपराधाची शिक्षा मुलांना देण्याची महाराष्ट्रातली सगळ्यांत प्रसिद्ध कथा आळंदीची आहे. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून संसार केला, म्हणून ती संन्याशाची पोरं. परंपरा सांगते की आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, आणि तरीही भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. अपराध्याची शिक्षा भोगून संपली तरी मुलांची संपत नव्हती. आपण ही कथा डोळे पुसत ऐकतो. त्या वेळच्या आळंदीच्या मंडळींना आपण निर्दय म्हणतो. मग आपल्या चाळीत, आपल्या गावात असं एखादं घर असतं तेव्हा आपण कोणाच्या बाजूला उभे असतो?

इंग्रजांनी याच समजुतीचा कायदा केला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. पुढे हा कायदा वाढवत नेला आणि मुंबई इलाख्यातही सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. पोलिसांकडे हजेरी लागे, आणि पोरगा मोठा झाला की त्याचीही. आईबापांपासून मुलं काढून वेगळी ठेवण्याची सोय त्या कायद्यात होती, आणि ती मुलांच्या भल्यासाठी म्हणून सांगितली जात होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हे संपलं आणि तो दिवस विमुक्त दिन झाला. पण पारधी तरुणाला आजही विचारा की तालुक्यात चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर येतात. कायदा गेला तरी नजर गेली नाही. कैद्याच्या वयात आलेल्या मुलाकडे आपण बघतो ती हीच नजर आहे, आणि तो मुलगा पारधी किंवा वडार असेल तर ती त्याच्यावर दुप्पट पडते.

याच्या अगदी उलट घडलेलंही आपण पाहिलं आहे. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवता येईल अशा कायद्याखाली, हजारो माणसं आत गेली. येरवडा, नाशिकचे तुरुंग भरले. त्यांच्याही घरी मुलं होती, काही अगदी दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावरची. घरची ओढाताण खरी होती, बाप कधी येईल हे ठाऊक नसण्याची भीतीही खरी होती, आणि घाबरून तोंड फिरवणारे शेजारीही होते. तरी चळवळीतले लोक त्या घरांची विचारपूस करत, आणि मुलाला शाळेत मान वर करून सांगता येई की माझे बाबा तुरुंगात आहेत. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने त्या बंदींसाठी मासिक मानधनही सुरू केलं. त्याच्याही आधी, १९३० साली, नेहरूंनी नैनीच्या तुरुंगातून तेरा वर्षांच्या मुलीला पत्रं लिहायला घेतली आणि देशाने ती कौतुकाने वाचली. मला ठाऊक आहे की राजकीय बंदी आणि खुनाचा आरोपी एका तागडीत घालता येत नाहीत. बापांची तुलना मी करतही नाही. मुलांची करते आहे. सोळा वर्षांच्या मुलाला रात्री बापाची आठवण येते तेव्हा कलम कोणतं आहे याने तिच्यात काय फरक पडतो? भिंत तीच, रिकामी खुर्ची तीच. एका मुलाच्या वाट्याला अभिमान आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला थाप, आणि दोन्ही गोष्टी त्यांना आपण दिल्या.

म्हणून मला सहानुभूतीवाल्यांचा एक लाडका युक्तिवाद पटत नाही. या मुलांना आत्ताच सावरा, नाहीतर उद्या तीच गुन्हेगार होतील, असं निधी मागताना, भाषणं करताना सांगितलं जातं. हेतू चांगला असतो. पण त्या वाक्यात मुलगा आधीच आरोपी झालेला असतो. आणि मदत जर भीतीपोटी द्यायची असेल, तर जी कुणालाच घाबरवत नाही तिला ती का मिळावी? खाली मान घालून अभ्यास करणाऱ्या, ‘शेती’ लिहिणाऱ्या मुलीचा मदतीवरचा हक्क तिच्या शहाणपणामुळेच संपतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००७ मध्ये एका आईच्या शिक्षेचा विचार करताना मुलाचं स्वतंत्र माणूसपण मानलं. मूल म्हणजे आईबापाचं शेपूट नव्हे, त्यांच्याबरोबर बुडण्यासाठी ते जन्मलेलं नाही, अशा अर्थाचं न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांचं ते विवेचन आहे. आपल्याकडेही शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं ऐकून घ्यायची पायरी आहेच. त्या वेळी घरात कोण आहे, कोणत्या वर्षाला आहे, मागे त्यांचं कोण बघणार, हे न्यायालयासमोर नीट यायला काय हरकत आहे? शिक्षा माफ करा असं मी म्हणत नाही. शिक्षा कुणाकुणाला होते आहे हे पाहून करा, एवढंच म्हणते.

करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. कैदी आत घेताना त्याचं वजन, उंची, अंगावरच्या खुणा लिहून घेतात. मुलं किती आणि किती वर्षांची, हेही लिहून घ्यावं आणि वर्षाच्या अहवालात छापावं. बालसंगोपनाचे पैसे अठराव्या वाढदिवसाला थांबवण्याऐवजी शिक्षण चालू असेपर्यंत द्यावेत. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अठरानंतरच्या आधाराची तरतूद कायद्यात आहे. जे मूल बालगृहात न जाता आजीकडे राहून वाढलं त्याने काय चूक केली? दिल्ली सरकारने २०१४ मध्ये कैद्यांच्या मुलांसाठी वेगळी योजना आणली, मग आपल्याला कुणी अडवलं आहे? पालकाच्या सहीचे कागद कारागृहातून ठरलेल्या दिवसांत परत आले पाहिजेत, आणि नाही आले तर प्रवेशाची मुदत त्या मुलापुरती वाढली पाहिजे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर काम करतो आहे. अशी समाजकार्यकर्ती माणसं प्रत्येक जिल्हा कारागृहात सरकारी पगारावर हवीत, म्हणजे वकील, तारीख, जामीनदार हे सारं एकट्या अठरा वर्षांच्या पोरावर येणार नाही.

हे परदेशी लाड आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला जाऊन यावं. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आणि राजेसाहेबांच्या पाठिंब्याने तिथे खुली वसाहत सुरू झाली. कैद्याने तिथे बायकामुलांसह राहायचं, शेती करायची. एका छोट्या संस्थानाला जे सुचलं आणि झेपलं, ते पंच्याऐंशी वर्षांनंतर तिथल्या मोजक्या घरांपुरतंच राहिलं आहे. आज तुरुंग क्षमतेपेक्षा जास्त भरलेले असताना तरी त्याच्याकडे पुन्हा बघायला नको का?

फॉर्मचं तर मला विशेष वाटतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय राज्याने घेतला. ती मुलं प्रवेशाच्या टेबलाशी येतील तेव्हा २०४२ साल उजाडलेलं असेल. त्या मुलीच्या मागून येणाऱ्यांना तेवढं थांबायला लावायचं का? तिच्या त्या प्रसंगानंतर मी आमच्या कार्यालयात विचारलं, ‘वडिलांचा व्यवसाय’ या माहितीचं पुढे आपण काय करतो? कुणालाच सांगता आलं नाही. उत्पन्नाचा दाखला वेगळा घेतलाच जातो. मी लेखी अर्ज दिला की रकाना काढावा, किंवा त्याजागी ‘पालक’ एवढंच लिहावं आणि भरायची सक्ती नसावी. फॉर्म वरून ठरून येतो, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज दिला. या जूनमध्ये फॉर्म ऑनलाइन झाला आहे. तो रकाना तसाच आहे, आणि आता शेजारी लाल फुली असते: तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.